टीबी संपला, खोकला राहिला

जव्हार-मोखाड्यातल्या माणसाच्या छातीला वर्षभर उसंत नसते. शिमगा सरला की राब भाजायला सुरुवात होते. रोपं टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या पसरून पेटवतात, आणि धूर दिवसभर उतारावर साचून राहतो. मग पाऊस. चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर कोसळतो, कारवीचे कूड ओल धरतात, अगोटीला भरून ठेवलेलं सरपणही श्रावणापर्यंत दमट होतं आणि चूल पेटण्याऐवजी धुमसत राहते. स्वयंपाक करणारी बाई, तिच्या पाठीचं मूल आणि कोपऱ्यातली म्हातारी एकाच धुरात बसलेली असतात. पाऊस उघडला की भाताची झोडणी, नागली-वरईची मळणी आणि उफणणी येते. ओल लागलेल्या पेंढ्यातून बारीक करडी भुकटी उडते आणि ती नाकातोंडात जाते. दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून भिवंडी, वसई, वाड्याच्या वीटभट्ट्या, नाहीतर नाशिककडच्या द्राक्षबागा. तिथे राख, धूळ आणि औषधांचा फवारा. होळीला परत.

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत २०११ च्या जनगणनेनुसार मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं राहतात. त्यांतली दहातली नऊ आदिवासी आहेत : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. बाहेरच्या महाराष्ट्राला हा मुलूख वारली चित्रांमुळे आणि कुपोषणामुळे ठाऊक आहे. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणी भागात शंभरावर मुलं गेली, तेव्हा राज्य हादरलं. त्यातून नवसंजीवनी योजना आली, मानसेवी डॉक्टरांची भरारी पथकं आली. पोषणाचा प्रश्न निदान कागदावर तरी रोज मोजला जाऊ लागला. श्वासाचा प्रश्न तसा मोजला जात नाही. ओपीडीच्या वहीत त्याच्यासाठी तीनच शब्द असतात : सर्दी-खोकला, दमा, टीबी.

या लेखात आढावा घ्यायचा आहे तो या तीन शब्दांच्या पलीकडे काय दडलं आहे याचा. त्यासाठी वैद्यकातल्या तीन वाटा धुंडाळाव्या लागतात. पहिली फुफ्फुसातल्या बुरशीची, दुसरी ॲलर्जीची आणि तिसरी वरवर वेगळी वाटणारी : दूरच्या आरोग्य केंद्रात एकटा बसलेला तरुण डॉक्टर घडतो कसा, याच्या संशोधनाची. पहिल्या दोन वाटांवर भारतीय डॉक्टरांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगाला रस्ता दाखवण्याइतकं काम केलं आहे. ते काम जव्हारच्या घाटावर चढत नाही, याचं कारण तिसऱ्या वाटेवर सापडतं, असं माझं मत आहे.

खोकला दिसला की टीबी आठवावा, यात चूक काही नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, हा नियम आशाताईलाही पाठ आहे, आणि त्या नियमानं असंख्य जीव वाचले आहेत. तपासणीही आता पूर्वीसारखी सूक्ष्मदर्शकावर अडून राहिलेली नाही. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्र छोट्या दवाखान्यातही चालतं, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ चाचणीनं २०२३ मध्ये दाखवून दिलं की टीबीच्या रुग्णाच्या घरच्यांना पुरेसं धान्य-डाळ दिलं तर त्यांच्यातला नवा टीबी सुमारे ३९ टक्क्यांनी घटतो. जिथे उपासमारीचा इतिहास आहे, त्या जव्हार-मोखाड्यासाठी याहून मोलाचं संशोधन अलीकडे झालेलं नाही. टीबीच्या बाबतीत आपल्याकडे नियम, औषध, यंत्र आणि माणूस असं सगळं थोडंफार आहे.

अडचण सुरू होते ती औषधाचा कोर्स संपल्यावर. सहा महिने गोळ्या झाल्या, थुंकी निगेटिव्ह आली, कार्डावर ‘बरा’ असा शेरा पडला; पण माणूस बरा दिसत नाही. ढास लागते, बेडका पडतो, वजन चढत नाही, कधीतरी थुंकीतून रक्त येतं. तो पुन्हा केंद्रावर येतो. एक्स-रेत जुना डाग दिसतो. पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू होतात, कधी थुंकीत जंतू न सापडताही. काही रुग्णांच्या आयुष्यात हा फेरा दोन-तीनदा होतो. घरचे दमतात, भगताकडे नेतात, मग नाशिकच्या सिव्हिलला, मग नुसतेच घरी ठेवतात.

अशा काही रुग्णांच्या छातीत टीबीनं केलेल्या पोकळीत बुरशी घर करून बसलेली असते. तिचं नाव ॲस्परजिलस. १७२९ साली इटलीतल्या पिएर अंतोनियो मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञ पाद्र्यानं ती भिंगाखाली पाहिली, तेव्हा चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या झाऱ्यासारखी दिसली म्हणून झाऱ्याचंच नाव तिला दिलं. सडणारा पाला, शेणखत, ओला पेंढा, भिंतीची ओल हे तिचं माहेर. माणसाला सर्वाधिक त्रास देणारी जात ॲस्परजिलस फ्युमिगेटस. तिचे बीजकण दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचतील इतके लहान. ती पन्नास अंश सेल्सियसच्या तापातही वाढते, त्यामुळे आतून तापलेला खताचा ढीग किंवा पेंढ्याची उडवी तिला मानवते. आपण सगळेच रोज शेकड्यांनी हे कण श्वासात घेतो आणि धडधाकट छाती ते झटकून टाकते. अडचण ज्यांची छाती आधीच पोखरलेली आहे त्यांची.

धान्य आणि बुरशी यांचं नातं वैद्यकाला फार जुनं ठाऊक आहे. १८९० मध्ये दियुलाफॉय, शांतमेस आणि विदाल या फ्रेंच डॉक्टरांनी पॅरिसमधल्या कबुतरं पोसणाऱ्या कामगारांबद्दल लिहिलं. ही माणसं तोंडात धान्य भरून ते कबुतरांच्या चोचीत फुंकत असत. त्यांना टीबीसारखाच आजार व्हायचा, पण टीबीचे जंतू सापडत नसत. धान्याच्या धुळीतली बुरशी छातीत गेली होती. हे वाचताना मला पॅरिसपेक्षा खळ्यावर सूप घेऊन उफणणारी बाई आठवते. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी टीबीसारख्या दिसणाऱ्या या दुसऱ्या आजाराचं चित्र वैद्यकाच्या पुस्तकात आलं होतं.

पुढचा मोठा टप्पा ब्रिटनचा. टीबीची औषधं आल्यावर बरे झालेल्या, पण फुफ्फुसात अडीच सेंटिमीटरहून मोठी पोकळी उरलेल्या ५४४ रुग्णांची तिथे पाहणी झाली. १९६८ मध्ये आलेल्या अहवालानुसार त्यांतल्या चौथ्या हिश्श्याच्या रक्तात ॲस्परजिलसविरुद्धची प्रतिद्रव्यं होती आणि १४ टक्क्यांच्या पोकळीत बुरशीचा गोळाच एक्स-रेवर दिसत होता. मग हा विषय जवळपास पन्नास वर्षं मागे पडला, कारण श्रीमंत देशांत टीबीच ओसरला. जिथे टीबी राहिला तिथे बुरशी शोधायला ना तपासणी होती, ना वेळ. अखेर युगांडातल्या गुलू या गावी डेव्हिड डेनिंग यांच्या चमूनं टीबीतून उठलेल्या सुमारे चारशे रुग्णांना तपासलं, त्यांतल्या बऱ्याच जणांना पुन्हा एकदा. २०१९ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. एकूण रुग्णांत फुफ्फुसातल्या या जुनाट बुरशीचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होतं, पण ज्यांच्या एक्स-रेत पोकळी होती त्यांच्यात ते २६ टक्के निघालं. पोकळी नसलेल्यांत एक टक्क्याहूनही कमी. माझ्या दृष्टीनं या सगळ्या विषयातला कामाचा आकडा हाच आहे. सगळ्यांना शोधत बसायची गरज नाही, पोकळीवाल्यांना शोधा.

भारताचा अंदाज चंडीगडच्या पीजीआयमधल्या रितेश अगरवाल यांच्या गटानं २०१४ मध्ये मांडला : देशात या जुनाट बुरशीचे सुमारे २ लाख ९० हजार रुग्ण असावेत. याच गटानं उपचारांच्या चाचण्याही केल्या. आधी एका छोट्या चाचणीत इट्राकोनॅझोल हे औषध सहा महिने दिल्यावर तीन-चतुर्थांश रुग्णांना फायदा झाला, नुसत्या आधाराच्या उपचारांत तो जेमतेम तिसऱ्या हिश्श्याला. पुढे २०२२ मध्ये १६४ रुग्णांची मोठी चाचणी लॅन्सेटच्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात आली. सहा महिने औषध घेतलेल्यांत दोन वर्षांत ३८ टक्क्यांचा आजार उलटला. बारा महिने घेतलेल्यांत फक्त १० टक्क्यांचा. म्हणजे कुणाला शोधायचं, काय द्यायचं आणि किती दिवस द्यायचं, हे तिन्ही आज माहीत आहे. इतकी नेमकी उत्तरं वैद्यकात सहसा मिळत नाहीत.

पण औषधाची एक गाठ आहे, आणि ती न कळल्यानं रुग्णाचं नुकसान होतं. टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन आणि बुरशीचं इट्राकोनॅझोल एकत्र दिलं तर रिफाम्पिसिनमुळे यकृत इट्राकोनॅझोल झपाट्यानं मोडून टाकतं. गोळ्या पोटात जातात, रक्तात औषध उरत नाही. संशय म्हणून टीबीचा कोर्स पुन्हा सुरू केलेला रुग्ण आणि त्यातच कुणीतरी लिहून दिलेलं बुरशीचं औषध, असा मेळ बसला की दोन्हीकडून तोटा. पुस्तकात हे एका ओळीत असतं. ओपीडीत शंभर रुग्णांच्या रांगेत ती ओळ आठवायला कुणीतरी कधीतरी शेजारी उभं राहून सांगितलेलं असावं लागतं.

आता ॲलर्जी. आदिवासी मुलांना ॲलर्जी कुठून होणार, असं शहरात पुष्कळांना वाटतं. त्याला थोडा आधारही आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी मांडलेलं गृहीतक सांगतं की लहानपणी जंतू, माती, भावंडं यांच्या संगतीत वाढलेल्या शरीराला ॲलर्जी कमी होते. खेड्यातल्या मुलांत दम्याचं प्रमाण कमी असू शकतं. पण प्रमाण कमी आणि मरण जास्त, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त भारतात होतात. याचा अर्थ सरळ आहे : आपल्याकडे दम्याचा रुग्ण दम्याच्या औषधाविना जगतो. पंप घेतला की त्याची सवय लागते, ही समजूत जव्हारपासून पुण्यापर्यंत सगळीकडे आहे, आणि त्यापायी माणसं धाप लागेपर्यंत थांबतात आणि मग इंजेक्शन आणि सलाईन मागतात.

छातीच्या आजारांचं एकूण ओझं किती मोठं आहे हे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या संदीप साळवी आणि सहकाऱ्यांनी वारंवार दाखवलं आहे. त्यांनी देशभरातल्या सात हजारांहून अधिक डॉक्टरांकडे एकाच दिवशी आलेले दोन लाखांवर रुग्ण मोजले. २०१५ मध्ये निष्कर्ष आले : निम्म्याहून जास्त रुग्ण श्वसनाच्या तक्रारी घेऊन आले होते. विडी न ओढणाऱ्यांनाही चुलीच्या धुरानं फुफ्फुसाचा जुनाट आजार होतो, हे ठासून मांडण्यातही साळवी पुढे होते. त्यांचा त्यावरचा लेख २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. राबाचा, चुलीचा आणि भट्टीचा धूर जिनं जन्मभर खाल्ला, त्या बाईला विडीबद्दल विचारून ‘दमा’ लिहिणं म्हणजे अर्धंच निदान.

ॲलर्जी आणि बुरशी जिथे एकत्र येतात तो आजार म्हणजे एबीपीए, म्हणजेच ॲलर्जिक ब्रॉन्कोपल्मोनरी ॲस्परजिलोसिस. इथे बुरशी फुफ्फुसाला खात नाही. ती श्वासनळ्यांच्या चिकट स्रावात वाढते आणि शरीर तिच्यावर इतकं चिडतं की त्या चिडीतच श्वासनळ्या ताणून फुगतात आणि कायमच्या बिघडतात. हिन्सन, मून आणि प्लमर यांनी १९५२ मध्ये लंडनमध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. दम्याच्या रुग्णाला तपकिरी गुठळ्यांचा बेडका पडतो, एक्स-रेत आज इथे, महिन्यानं तिथे असे सरकते डाग दिसतात, आणि हे सगळं इतकं टीबीसारखं दिसतं की भारतात अनेक रुग्ण आधी टीबीच्या गोळ्या खाऊन मगच योग्य निदानापर्यंत पोचतात. अगरवाल यांच्या गटाचा अंदाज आहे की देशात याचे १३ लाख ८० हजार रुग्ण असतील. तपासणी रक्ताची आहे. रक्तातलं एकूण आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं प्रतिद्रव्य, आणि ॲस्परजिलसविरुद्धचं आयजीई पाहायचं. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत, जे ठरवण्यातही चंडीगडचाच पुढाकार होता, एकूण आयजीईची मर्यादा १००० वरून ५०० वर आणली, म्हणजे जाळं थोडं रुंद केलं. उपचारांचीही तुलना झालेली आहे. १३१ रुग्णांच्या चाचणीत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनं सगळ्यांना आराम पडला, इट्राकोनॅझोलनं ८८ टक्क्यांना, पण स्टेरॉइडचे दुष्परिणाम जास्त झाले.

स्टेरॉइड हा शब्द मोखाड्याच्या संदर्भात जपून वापरावा लागतो. अनवाणी चिखलात आवणी करणाऱ्यांच्या पोटात स्ट्राँगिलॉइड्स नावाचे जंत असू शकतात, आणि त्यांच्यावर स्टेरॉइडचा मारा झाला तर ते जंत अंगभर पसरून माणूस दगावू शकतो. एबीपीएचं निदान बरोबर आणि औषधही पुस्तकाप्रमाणे बरोबर, तरी रुग्ण गेला, असं होऊ शकतं. आधी जंताचं औषध, मग स्टेरॉइड : एवढा क्रम पाळला की धोका बराच कमी होतो.

आणखी एक आजार इथे विसरता येत नाही. १९४३ साली भारतात काम करणाऱ्या वाइनगार्टन या डॉक्टरनं लॅन्सेटमध्ये ८१ रुग्णांची हकीकत छापली. रात्री दम्यासारखी धाप, कोरडी ढास, अंगात कणकण, वजन घटलेलं, एक्स-रेत बारीक ठिपके आणि रक्तात इओसिनोफिल पेशी अफाट वाढलेल्या. त्यानं त्याला नाव दिलं ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’. पुढे कळलं की हत्तीरोगाच्या कृमींच्या सूक्ष्म पिल्लांवर शरीरानं दिलेली ही ॲलर्जीची प्रतिक्रिया आहे आणि डीईसीच्या गोळ्यांनी ती बरी होते. पालघर ज्यातून २०१४ मध्ये वेगळा झाला, त्या जुन्या ठाणे जिल्ह्याचं नाव हत्तीरोगाच्या यादीत होतं. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वी आपल्याच देशात सापडलेला आजार, त्याचं औषध सरकारच्याच कपाटात, आणि निदानाला लागतं काय तर रक्ताच्या साध्या तपासणीतला एक आकडा पाहण्याची सवय. तीन आठवडे गोळ्या दिल्या की आयुष्यभराचा ‘दमा’ निघून जातो. डॉक्टरला याहून मोठं समाधान क्वचित मिळतं.

द्राक्षबागांचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला. पिकांवर बुरशीनाशक म्हणून फवारली जाणारी टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, हेक्साकोनॅझोल ही रसायनं आणि माणसाला दिलं जाणारं इट्राकोनॅझोल एकाच कुळातली. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या अनुराधा चौधरी यांनी २०१२ मध्ये दाखवलं की भारतातल्या माती-वातावरणात या औषधांना दाद न देणारा ॲस्परजिलस पसरतो आहे, आणि तो माणसाच्या अंगात तयार झालेला नसून शेतातून आलेला असावा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं घातक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात ॲस्परजिलस फ्युमिगेटस सर्वांत गंभीर गटात आहे. टीबीनं पोखरलेली छाती घेऊन द्राक्षाच्या हंगामात छाटणी-फवारणीला जाणारा मजूर या दोन्ही धोक्यांच्या मधोमध उभा आहे. नाशिकच्या बागांतली माती आणि तिथल्या मजुरांची थुंकी एकत्र तपासणारं काम महाराष्ट्रानं हाती घ्यायला हवं.

बुरशीबद्दल लोकांत जाग आली ती मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. तेव्हा केंद्रानं म्युकरमायकोसिसची नोंद सक्तीची करायला राज्यांना सांगितलं आणि महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेत त्याचे उपचार आले. ‘काळी बुरशी’ हे नाव चुकीचं होतं, कारण काळं पडतं ते मेलेलं मांस, बुरशी नव्हे. पण बुरशीही माणूस मारू शकते, हे घराघरांत कळलं. लाट ओसरली आणि ती जागही ओसरली.

इथवर जे लिहिलं ते सगळं छापलेलं ज्ञान आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात, खोडाळ्याच्या पुढच्या एखाद्या उपकेंद्रात हे ज्ञान वापरायचं कोणी? तिथे असतो एमबीबीएस होऊन एक वर्षाच्या बंधपत्रावर आलेला तरुण, भरारी पथकातला बीएएमएस मानसेवी डॉक्टर, किंवा समुदाय आरोग्य अधिकारी. त्यांतले बरेच जण मनापासून काम करतात. पण शिकवणारा माणूस ज्या क्षणी सर्वांत जास्त लागतो, त्या क्षणी ते अगदी एकटे असतात. मेडिकल कॉलेजात वर सहा जण असतात. इथे वर फक्त ‘रेफर’ असतो.

मार्गदर्शक लाभला तर डॉक्टरचं काय होतं, याचं संशोधन फार जुनं नाही. २००६ मध्ये सँबुन्याक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. निम्म्याहून कमी विद्यार्थ्यांना मार्गदर्शक होता आणि काही शाखांतल्या प्राध्यापकांत तर पाचातल्या एकालाही नव्हता. ज्यांना होता त्यांची प्रगती, संशोधन आणि कामाचं समाधान जास्त होतं. पण हे सगळं मोठ्या कॉलेजांतलं. आपल्या कामाचं संशोधन दुसरीकडे आहे. न्यू मेक्सिकोत संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. दर आठवड्याला खेड्यातले डॉक्टर फोन-व्हिडिओवर जमत, आपले रुग्ण मांडत आणि तज्ज्ञ त्यांच्याबरोबर विचार करत. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये निकाल आला. हेपटायटिस-सीचे ४०७ रुग्ण, विद्यापीठात ५७.५ टक्के बरे झाले आणि खेड्यांत-तुरुंगांत ५८.२ टक्के. तज्ज्ञ जागचा हलला नाही, तरी रुग्ण तितकेच बरे झाले. रवांडात अनुभवी परिचारिका आरोग्य केंद्रांवर जाऊन शेजारी बसू लागल्या, तेव्हा आजारी मुलांचं अचूक निदान सुमारे ५६ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेलं. दोन्हींत समान काय? तोच माणूस, पुन्हा पुन्हा, खऱ्या रुग्णावर बोलत होता.

हे परदेशातून शिकायची गरज महाराष्ट्राला नव्हती. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. विंचूदंशानं माणसं मरत होती. बावस्करांनी रात्र-रात्र खाटेशी बसून पाहिलं की मरण हृदयाच्या बिघाडातून आणि फुफ्फुसात भरणाऱ्या पाण्यातून येतं. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण लॅन्सेटमध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन या साध्या गोळीनं कोकणातलं विंचूदंशाचं मृत्युप्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या एका केंद्रातला एकटा डॉक्टर काय करू शकतो, याचं हे उदाहरण प्रत्येक बंधपत्रित डॉक्टरला रुजू व्हायच्या दिवशी सांगायला हवं. फक्त त्याचा अर्थ ‘तूही एकट्यानंच लढ’ असा होता कामा नये. बावस्कर होणं सगळ्यांना जमणार नाही. बावस्करांना फोन करता येणं सगळ्यांना जमलं पाहिजे.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी छातीच्याच आजारावर हे करून दाखवलं. गावकरी मुलांच्या न्युमोनियाला कोणत्या शब्दांनी ओळखतात हे आधी समजून घेतलं, मग कमी शिकलेल्या गावच्या कार्यकर्त्यांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. आणि शिकवून सोडून दिलं नाही, मागे उभे राहिले. १९९० च्या लॅन्सेटमधल्या निकालांनुसार न्युमोनियानं होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांत हजारी १७.५ होते, त्यांच्या गावांत ८.१. आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर ते पालघर जिल्ह्यातच आहे. डहाणूत आयसीएमआरच्या मुंबईतल्या संस्थेनं सर्पदंशावर काम केलं, स्थानिक वैद्यकीय अधिकाऱ्यांना शिकवलं आणि त्यांच्याशी नातं ठेवलं. डहाणूहून जव्हार फार लांब नाही. जे सापाच्या बाबतीत झालं ते श्वासाच्या बाबतीत व्हायला काय हरकत आहे?

आज जे ‘मेंटॉरिंग’ म्हणून चालतं, त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. जिल्ह्याहून गाडी येते, रजिस्टरं तपासली जातात, लसीकरणाचे आकडे विचारले जातात, सह्या होतात. ती देखरेख आहे, तीही लागतेच. पण ‘साहेब, ही बाई तिसऱ्यांदा आली, मला काय चुकतंय ते कळत नाही,’ असं तरुण डॉक्टरला ज्याच्यापुढे न घाबरता म्हणता येतं तो मार्गदर्शक. ज्याच्या हातात गोपनीय अहवाल आहे त्याच्यापुढे हे वाक्य कुणी उच्चारत नाही. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर दूरचा तज्ज्ञ भेटतो, पण दर वेळी निराळा, आणि नेटवर्क असेल तरच. मोखाड्याच्या पाड्यांवर ते असतंच असं नाही.

यातून करण्याजोगं काय निघतं? टीबी कार्यक्रमाचाच नियम आहे की उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी रुग्णाला पुन्हा पाहायचं. त्या भेटी कागदावरच राहू नयेत. हातात उचलून नेता येणारी एक्स-रे यंत्रं आता टीबीच्या मोहिमेत आली आहेत. पोकळी दिसली आणि तीन महिन्यांहून जास्त खोकला असला, तर ॲस्परजिलसची प्रतिद्रव्यं तपासायला रक्त पाठवायचं. दम्याच्या प्रत्येक नव्या रुग्णाच्या रक्तातले इओसिनोफिल एकदा तरी मोजायचे, आणि जो वारंवार येतो त्याचं आयजीई. २०२० पासून पदव्युत्तर डॉक्टरांना तीन महिने जिल्हा पातळीवर काम सक्तीचं आहे. छातीविकार शिकणाऱ्यांनी त्यातले काही आठवडे जव्हारला काढले तर दोघांचंही शिक्षण होईल. आणि या सगळ्याला जोडणारा एक ठरलेला माणूस : दर आठवड्याला ठरलेल्या वेळी फोनवर येणारा, वर्षभर न बदलणारा, पावसाळ्यात एकदा आणि भट्टीवरून लोक परतल्यावर एकदा प्रत्यक्ष येऊन ओपीडीत शेजारी बसणारा. एवढ्या खर्चात बसणारा दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या नाशिक, ठाणे, मुंबईच्या छातीविकारतज्ज्ञांना एक विनंती आहे. तुमच्यापैकी काही जणांनी आठवड्यातला एक तास दिला, तर जव्हार आणि मोखाड्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या वाट्याला एक ज्येष्ठ डॉक्टर येईल. सुरुवात पावसाळ्याआधी करा. भट्ट्यांवरून माणसं तेव्हा घरी परतलेली असतात.